झवेरी बाजारावरील तीन आघात

मुंबईला जिने नाव दिले त्या मुंबादेवीचे देऊळ बोरीबंदराजवळच्या मूळ स्थानावरून अठराव्या शतकात ज्या भागात आले, त्याच भागात शेख मेमन रस्त्याच्या दुतर्फा सोन्याचांदीची पेठ भरभराटीस आली. येथे सोने गाळणारा, कस लावणारा, दागिना घडविणारा बंगाली कारागीर आणि तो विकणारा सराफ हे सारे एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर असल्यामुळे हजारोंचा ऐवज कागदाच्या पुडीत, केवळ शब्दाच्या भरवशावर, जिने चढतो-उतरतो. आणि कारखान्यांचा केरदेखील वाया जात नाही, कारण झारेकरी तो मोल देऊन उचलतात, पाण्यात धुतात व त्यातून सोन्याचे कण काढून पोट भरतात.

या दाटीवरच घातपात्यांची नजर गेली. १२ मार्च १९९३ च्या साखळी स्फोटांपैकी एक येथे झाला. २५ ऑगस्ट २००३ रोजी, सोमवारी भर दुपारी, स्फोटके भरलेली एक टॅक्सी मुंबादेवीजवळ व दुसरी गेटवे ऑफ इंडियाजवळ फुटून पन्नासाहून अधिक माणसे प्राणास मुकली. गेटवेकडील टॅक्सीचा चालक जेवणासाठी गेल्याने बचावला, त्याच्याच जबानीने तपासाला दिशा मिळाली आणि पोटा कायद्याखालील खटल्यात २००९ साली तिघांना फाशीची शिक्षा झाली. पुढे १३ जुलै २०११ च्या संध्याकाळी येथील खाऊगल्ली, ऑपेरा हाऊस व दादर अशा तीन ठिकाणी काही मिनिटांच्या अंतराने स्फोट झाले. कारागीर आणि दलाल दिवेलागणीला खाण्यासाठी जेथे जमतात, नेमकी तीच गल्ली निवडण्यात आली होती.

प्रत्येक वेळी पंचनामे झाले, नाकेबंदी झाली, बाजार अन्यत्र हलवावा अशी सूचनाही निघाली. ऑपेरा हाऊसच्या हिरेव्यापाऱ्यांना ती मानवली. वांद्रे-कुर्ला संकुलात २०१० साली सुरू झालेल्या भारत डायमंड बोर्सकडे त्यांचे स्थलांतर २०११ च्या स्फोटांनंतर झपाट्याने झाले. हिरा खिशात मावतो, म्हणून त्याचा व्यापार कोठेही मांडता येतो. सराफी पेठेचे तसे नाही. तिची भट्टी, कसोटी, कारागिरांच्या खोल्या आणि झारेकऱ्यांची घमेली एकदम उचलून नेणे कोणत्याही सरकारी फर्मानाच्या आवाक्यातले नव्हे. ज्या अरुंदपणाने तिचे बळी घेतले, त्याच अरुंदपणावर तिचा रोजचा व्यवहार चालतो, आणि म्हणून तीन आघात सोसूनही झवेरी बाजार शेख मेमन रस्त्यावरच आहे.