वर्ध्याला पोचलेलं पेन

कोडोलीत लेथ म्हटलं की ट्रॉलीची पिन, पंपाचा शाफ्ट, घासून गेलेलं बुश असलं काहीतरी डोळ्यापुढे येतं. ऊसपट्ट्यातलं गाव, शेजारी वारणेचा साखर कारखाना. लेथ इथे शेतीच्या मागून आला. याच यंत्रावर शाईचं पेन कातता येतं म्हटलं की लोक हसतात. पण भारतात हाताने घडवलेल्या पेनांचा इतिहास म्हणजे लेथचाच इतिहास आहे, आणि त्यातलं एक पान थेट वर्ध्याचं आहे.

१६ जुलै १९३५ रोजी गांधीजींनी वर्ध्याहून राजमहेंद्रीच्या के. व्ही. रत्नम यांना एक छोटंसं पत्र लिहिलं. कुमारप्पांमार्फत पाठवलेलं पेन मिळालं, वापरून पाहिलं, बाजारातल्या परदेशी पेनांना ते चांगला पर्याय वाटतं, एवढाच मजकूर. जे. सी. कुमारप्पा हे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचे चिटणीस, आणि संघ स्थापन होऊन तेव्हा वर्षही झालं नव्हतं. गूळ, घाणीचं तेल, हातकागद यांच्या पंगतीत फाउंटन पेन येऊन बसलं, हे मला आजही नवलाचं वाटतं. कारण पेन ही तशी साहेबाच्या खिशातली वस्तू. आपल्याकडे मोडी लिहिली गेली ती बोरूने.

मग ते ग्रामोद्योगात बसलं कसं? उत्तर एबोनाइटमध्ये आहे. रबरात भरपूर गंधक घालून तापवलं की ते लाकडासारखं कडक होतं. अमेरिकेत नेल्सन गुडइयरने १८५१ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. वॉटरमनने १८८४ मध्ये पेटंट घेतलेल्या पेनात खरी करामत होती ती निबखालच्या फीडची: बारीक खाचांतून शाई खाली येते आणि तिच्या जागी हवा वर जाते. एबोनाइटला साचा लागत नाही, मोठा कारखाना लागत नाही. दांडा, लेथ आणि सवयीचा हात असला की झालं. आणि कातणारा हात आपल्याला नवा नाहीच. सावंतवाडीचे कातारी फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाने लाख वितळते, खेळण्याला रंग चढतो. वस्तू फिरते, हत्यार स्थिर. पेनाचंही तेच.

सुरुवात करायची तर एबोनाइटचा दांडा चकमध्ये धरा, सेंटर काढा, ड्रिल घाला. घाई नको. ड्रिल सारखं बाहेर काढून कीस झटका, नाहीतर माल तापतो आणि गंधकाचा वास दुकानभर पसरतो. हा वास कपड्यांतून दोन दिवस जात नाही, घरचे बोलतात. बाहेरून आकार देणं सोपं, तासाभरात जमतं. जीव जातो तो आट्यांत. जुन्या देशी पेनात शाई ड्रॉपरने थेट नळीतच भरतात, म्हणजे शाई आणि तुमचा शर्ट यांच्यामध्ये फक्त आटे आणि थोडं सिलिकॉन ग्रीस. डाय तिरकी बसली की संपलं. टोपणाचं वेगळंच. साध्या एकेरी आट्याचं टोपण फिरवता फिरवता सुचलेलं वाक्य विसरायला होतं. म्हणून चांगले कारागीर तिहेरी आटे पाडतात, दीड-दोन वेढ्यांत टोपण सुटतं.

निब मात्र लेथवर होत नाही. तिच्या टोकाला इरिडियमच्या जातीच्या कठीण धातूचा कण जोडावा लागतो, मग चीर पाडायची, मग घासायचं. आजचे बरेच हौशी कारागीर जर्मन निब विकत आणून बसवतात. स्वदेशीचा प्रश्न इथे येऊन अडतो, आणि मला तो अडलेलाच बरा वाटतो. गांधीजींनी पेनाला पर्याय म्हटलं, परिपूर्ण म्हटलं नाही.

स्वातंत्र्यानंतर मुंबईत विल्सन, एअरमेल ही नावं मोठी झाली. पुढे बॉलपेन स्वस्त झालं आणि हाताने कातलेलं पेन शौकिनांपुरतं उरलं.

माझं पहिलं पेन तिसऱ्या दिवशी गळलं. आटे ठीक होते. शाई संपत आली होती, नळीत हवाच जास्त. हाताच्या उबेने ती फुगली आणि तिने उरलेली शाई निबेवाटे कागदावर ढकलली. दुसऱ्या दांड्यात भोक जरा लहान ठेवलंय, भिंत जाड. उद्या आटे पाडायचेत.