परळ, एक जीवनसत्त्व आणि केमोथेरपी

मुलुंड-घाटकोपरहून मध्य रेल्वेने आणि अंधेरी-बोरिवलीहून पश्चिम रेल्वेने कितीतरी कुटुंबं केमोथेरपीसाठी परळ गाठतात. तिथे २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय सुरू झालं. मुंबईच्या वैद्यकीय इतिहासाबद्दल वाचताना माझ्या ध्यानात आलं, की या उपचाराचं एक मूळ त्याआधीच परळमध्ये रुजलं होतं.

लुसी विल्स या इंग्रज संशोधक १९२८ साली मुंबईत आल्या. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना गरोदरपणी जीवघेणा रक्तक्षय होई. त्याचं कारण शोधण्यासाठी त्यांनी परळच्या हाफकिन संस्थेत काम केलं. मार्माइट या यीस्टच्या स्वस्त अर्काने हे रक्त सुधारतं, हे त्यांनी १९३१ साली प्रसिद्ध केलं. त्या अर्कातला तेव्हा अज्ञात असलेला घटक म्हणजे फॉलिक आम्ल.

नवी पेशी घडायला हे आम्ल लागतं. मग झपाट्याने वाढणाऱ्या कर्कपेशींना ते वापरूच दिलं नाही तर? भीमावरमला जन्मलेले येल्लाप्रगडा सुब्बाराव अमेरिकेत लेडर्ली कंपनीत संशोधनप्रमुख होते. त्यांच्या चमूने आधी फॉलिक आम्ल प्रयोगशाळेत बनवलं, मग त्याच्यासारखंच दिसून पेशीला चकवणारं अमिनोप्टेरिन. बोस्टनच्या सिडनी फार्बर यांनी ते ल्युकेमिया झालेल्या मुलांना दिलं. जून १९४८ च्या त्यांच्या निबंधात १६ पैकी १० मुलांना, तात्पुरता का होईना, उतार पडल्याची नोंद आहे. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले. अमिनोप्टेरिनचं भावंड मेथोट्रेक्सेट मात्र आजही वापरात आहे.

हा इतिहास रुग्णाच्या घरातही उपयोगी पडतो. केमोची बरीच औषधं भरभर वाढणाऱ्या सगळ्याच पेशींना गाठतात. म्हणून केस गळतात, तोंड येतं, रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटतात. अशक्त माणूस पाहून घरचे प्रेमाने रक्तवाढीची गोळी आणतात. तिच्यात बहुधा तेच फॉलिक आम्ल असतं. मेथोट्रेक्सेट चालू असताना ते औषधाच्या कामात आडवं येऊ शकतं. पेमेट्रेक्सेडबरोबर मात्र डॉक्टर ते मुद्दाम देतात. तेव्हा टॉनिक असो वा काढा, विचारल्याशिवाय काहीच घेऊ नये.

दुसरी गोष्ट तापाची. अनेक औषधांनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. त्या काळात लोकलची गर्दी टाळावी. ताप १००.४ अंश फॅरनहाइटवर गेला, तर सकाळची वाट न पाहता, रात्र असली तरी रुग्णालयाला कळवावं. घरी गोळी देऊन ताप उतरवला, तर जंतुसंसर्ग झाकला जातो आणि मोलाचे तास हातचे जातात.

पुढच्या फेरीला निघताना घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची नावं एका कागदावर लिहून घ्यावीत आणि तो कागद डॉक्टरांपुढे ठेवावा.