टिटवं, विसावा आणि गावाच्या कडेची जागा

आज स्मशानाविषयी बोलायचं आहे, म्हणून लगेच रेडिओ बंद करू नका. कुणाकडे मयत झाली की दारवर बसायला आपण पहिल्या असतो. गंधमुक्तीच्या दिवशी आलेल्या-गेलेल्यांचा स्वयंपाक आपणच उरकतो. मग माणसाला शेवटचं जिथे नेतात ती जागा कुणी ठरवली, तिथे कुणाला जागा मिळाली आणि कुणाला नाही, हेही आपल्याला माहीत असायला हवं.

आपल्याकडचं कुठलंही जुनं गाव बघा. वेस, वेशीजवळ मारुती, पुढे नदी किंवा नाला, आणि पाण्याच्या काठी, वस्तीपासून जरा लांब, स्मशान. साक्रीला कान नदी आहे. कान पांझरेला मिळते आणि पांझरा मुडावदला तापीला. म्हणजे इथे सोडलेली राख शेवटी तापीतच जाते. ज्यांना जमतं ते अस्थी घेऊन थेट प्रकाशाला जातात. घर ते स्मशान या वाटेवर मध्ये विसावा असतो. कुठे छोटा ओटा, कुठे नुसता दगड. तिथे तिरडी खाली टेकवतात, खांदेकरी बदलतात. वास्तू म्हटलं की आपल्याला वाडे आणि मंदिरं आठवतात, पण मरणासाठी माणसाने केलेली सगळ्यात लहान वास्तू हा विसावाच असेल. बहुतेक गावांत बायका वेशीपासून नाहीतर विसाव्यापासून मागे फिरायच्या. गावाने मरणाची वाट आखली आणि त्याच वाटेवर आपली हद्दही आखून ठेवली.

गावाबाहेर, देवळाच्या मागे शेंदूर फासलेले कोरीव दगड दिसतात. ज्यावर लढणारा माणूस कोरलेला असतो तो वीरगळ. गुरं सोडवताना किंवा लढाईत मेलेल्याची ती आठवण. दुसरा दगड सतीचा. त्यावर कोपरात वाकवलेला हात आणि हातात बांगड्या. बाईला दगडात जागा मिळाली ती नवऱ्याबरोबर जळाली म्हणून. बाळंतपणात गेलेल्या, विहिरीवर पाय घसरून गेलेल्या, साथीत गेलेल्या बाईचा दगड मी तरी अजून पाहिलेला नाही.

आता तापीकाठी चला. शिरपूर तालुक्यातलं थाळनेर ही फारुकी राजांची पहिली राजधानी. मलिक राजा 1399 मध्ये वारला, त्याला तिथेच पुरलं. त्याचा मुलगा नासिर खान याने बुऱ्हाणपूर वसवलं, पण 1437 मध्ये तो वारला तेव्हा त्याची कबरही थाळनेरलाच झाली. मला यात गंमत वाटते. नवं शहर बांधलं तरी माणूस वडिलांच्या शेजारीच जाऊन झोपतो. आपल्याकडे नोकरीसाठी सुरतेला, नाशिकला गेलेल्यांना शेवटी गावीच आणतात, तसंच. थाळनेरच्या त्या दगडी कबरी आजही उभ्या आहेत. त्यातली एक आठकोनी आहे आणि तिच्या दगडावर बारीक नक्षी आहे.

पुढची गोष्ट सावकाश ऐका. सुरतेहून बुऱ्हाणपूरला जाणारी मोठी व्यापारी वाट आपल्या खानदेशातूनच जायची. 1630 मध्ये पावसाने दगा दिला आणि गुजरात, दख्खन, खानदेश सगळीकडे दुष्काळ पडला. तो 1632 पर्यंत हटला नाही. पहिल्याच वर्षी पीटर मंडी नावाचा एक इंग्रज व्यापारी या वाटेने चालला होता. तो नंदुरबारला आला तेव्हा गावाभोवती इतकी प्रेतं पडली होती की त्यांना आपला छोटा तंबू ठोकायला जागा मिळेना. वाटेवरच्या गावांतून मेलेल्यांना ओढत बाहेर आणून टाकत होते. खांदा द्यायला माणूस नाही, जाळायला लाकूड नाही, पुरायला अंगात ताकद नाही. वेस, विसावा, नदीचा काठ ही गावाची सगळी मांडणी त्या दिवसांत मोडून पडली.

आणि त्याच वाटेवर पुढे बुऱ्हाणपूरला शाहजहान बादशहाचा तळ होता. दख्खनच्या मोहिमेसाठी तो आला होता, बरोबर बेगम मुमताज महल. 17 जून 1631 ला चौदाव्या बाळंतपणात ती गेली. तापीच्या पलीकडच्या काठावर जैनाबादला आहुखाना नावाची शाही बाग होती, तिथे तिला आधी पुरलं. सहा महिन्यांनी, डिसेंबरात, तिचा देह आग्र्याला नेला आणि पुढे यमुनेकाठी ताजमहाल उभा राहिला. लोक त्याला प्रेमाची निशाणी म्हणतात. आपल्या गटातल्या आशाताईंना विचारा, त्या सरळ सांगतील की ती एका बाळंतिणीची कबर आहे. चौदा बाळंतपणं झालेल्या बाईची.

एकच मुलूख, मध्ये वर्षही गेलं नसेल. एकीसाठी पांढरा संगमरवर, आणि नंदुरबारच्या वाटेवर पडलेल्या बायांना मूठभर माती नाही. ताजमहाल बघायला जाणाऱ्यांना बुऱ्हाणपूरची ती बाग कुणी दाखवत नाही, आणि दुष्काळाच्या मेलेल्यांची तर दाखवायला जागाच नाही.

इंग्रजांच्या काळात शहरं वाढली आणि नवीन पंचाईत झाली. गावाबाहेर म्हणून ठेवलेली स्मशानं शहराच्या पोटात आली. मुंबईत पारश्यांचे दख्मे मलबार टेकडीवर सतराव्या शतकापासून आहेत. तेव्हा तिथे रान होतं, आज आजूबाजूला उंच इमारती आहेत. हिंदूंचं स्मशान सोनापूरला, म्हणजे आजच्या मरीन लाइन्सजवळ. ते लांब शिवडीकडे हलवावं असं सरकारच्या मनात आलं, तेव्हा नाना शंकरशेट विरोधात उभे राहिले आणि जागा तिथेच राहिली. गरिबाने खांद्यावर मयत घेऊन एवढं लांब चालायचं कसं, हा साधा प्रश्न नकाशा काढणाऱ्याला पडत नाही.

पण मला सांगायची आहे ती पुण्याची हकिकत. महात्मा फुले 28 नोव्हेंबर 1890 ला गेले. आपल्याला जाळू नये, मिठात घालून पुरावं, असं त्यांनी मृत्युपत्रात लिहिलं होतं. घराच्या मागे त्यासाठी खड्डाही खणून ठेवला होता. नगरपालिकेने परवानगी नाकारली, कारण ती राहत्या वस्तीतली जागा. आरोग्याच्या दृष्टीने नियम चुकीचा नव्हता, पण स्वतःच्या अंगणातही आपल्या मर्जीने विसावता येत नाही, ही नव्या शहराची नवी गोष्ट होती. शेवटी दहन झालं आणि राख आणून त्या जागी ठेवली. फुलेवाड्यात ती समाधी आहे.

अंत्ययात्रा निघताना भाऊबंदांनी वाद काढला. दत्तक मुलगा यशवंत, तो एका ब्राह्मण विधवेचा मुलगा. त्याने टिटवं धरू नये, असं त्यांचं म्हणणं. टिटवं म्हणजे मयताच्या पुढे नेतात ते विस्तवाचं मडकं. जो टिटवं धरतो तो वारस, अशी समजूत. म्हणजे भांडण मडक्याचं नव्हतंच, इस्टेटीचं होतं. तेव्हा सावित्रीबाई पुढे झाल्या, त्यांनी टिटवं हातात घेतलं आणि नवऱ्याच्या मयताच्या पुढे चालल्या. 1890 साली! सात वर्षांनी पुण्यात प्लेग आला. एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन त्या यशवंतच्या दवाखान्यात गेल्या, त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 ला त्या गेल्या.

टिटवं आणि वारसा यांची ही गाठ मी बचत गटाच्या कामात रोज बघते. अग्नी देणारा मुलगाच हवा, कारण जमीन त्याचीच, आणि जमीन त्याचीच, कारण अग्नी देणारा तो. कायदा यात केव्हाच पुढे गेला आहे. महाराष्ट्रात 1994 मध्ये आणि देशभर 2005 मध्ये मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका हक्क मिळाला. तरी सातबाऱ्यावर नाव लावायची वेळ आली की बहिणीकडून हक्कसोड लिहून घेतात. आता आपल्या तालुक्यातही मुली वडिलांना अग्नी देतात, पेपरात फोटो येतो. फोटो चांगला आहे. मी त्या मुलींना सातबाऱ्याचंही विचारते.

राहिली जागेची गोष्ट. स्मशानाची सोय आणि देखरेख हे 1958 च्या ग्रामपंचायत कायद्याने पंचायतीचं काम आहे. दहनभूमी, दफनभूमीसाठी जनसुविधेतून अनुदानही मिळतं. आज गावोगावी चार खांबांवर पत्र्याची शेड दिसते ती त्यातूनच. शहरात त्याला अमरधाम म्हणतात, वैकुंठधाम म्हणतात. नाव कितीही गोड ठेवा, आमच्या गटातल्या एका ताईच्या सासूला भर पावसात चौघांनी ताडपत्री धरून जाळलं, रॉकेल संपलं तरी चिता धड पेटेना. दुसऱ्या एका गावात शेड आहे, पण नाल्याला पाणी आलं की पलीकडे जाताच येत नाही. मेल्यावर सगळे सारखे असं कीर्तनात ऐकतो, आणि एका गावात दोन-दोन, तीन-तीन स्मशानं असतात. एकाला डांबरी रस्ता, दुसऱ्याला काटेरी बाभळी. कोणतं कुणाचं, हे रस्त्यावरूनच कळतं.

बायका आता विसाव्याच्या पुढे जातात. काही ठिकाणी खांदाही देतात. पण ती जागा बांधताना बाई तिथे येईल हे कुणाच्या डोक्यात नव्हतं. बसायला ओटा नाही, तोंडावर मारायला पाणी नाही, आडोसा नाही. म्हातारी माय लेकाच्या चितेसमोर उन्हात उभी राहते. हे कुणी मुद्दाम केलेलं नाही, ठरवणाऱ्यांत आपण नव्हतो एवढंच. आज पंचायतीत निम्म्या जागा बायकांच्या आहेत आणि ग्रामसभेच्या आधी महिलासभा घ्यावीच लागते. तिथे पाणी, गॅस, रेशन हे विषय निघतात, स्मशानाचं नाव काढायला जीभ अडखळते. अशुभ वाटतं.

आमच्या गटांनी तरी या वेळी अर्ज लिहिला आहे. दोन्ही स्मशानांना सारखा रस्ता आणि मोरी, एक नळ, दिवा, बसायला ओटा, आडोसा, आणि पावसाळ्यासाठी कोरडं लाकूड ठेवायची खोली. लाकडाचं बोलणं चाललं तेव्हा मागे बसलेली एक आजी म्हणाली, विसाव्याचा दगड पार खचलाय, तोही नीट बसवा. तेही लिहून घेतलं. अर्जावर बावीस सह्या आहेत आणि पाच अंगठे. 15 ऑगस्टच्या ग्रामसभेआधी तो ग्रामसेवकांकडे द्यायचा आहे.