रंग आधी आले, प्रयोगशाळा नंतर : सोलापूर आणि रसायनशास्त्राची पदवी

१/
सोलापूरच्या जुन्या गावठाणात वारांच्या नावांच्या पेठा आहेत. शुक्रवार पेठ त्यांपैकीच एक. १९३० साली या पेठेतील एखाद्या मॅट्रिक झालेल्या मुलाला रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. व्हावेसे वाटले असते, तर त्याला प्रथम आगगाडीचे तिकीट काढावे लागले असते. शहरात महाविद्यालय नव्हते. गिरण्या, हातमाग आणि रंगाऱ्यांची भट्टी मात्र रोज चालू होती. रसायनांवर जगणाऱ्या या शहरात रसायनशास्त्राचे शिक्षण इतक्या उशिरा का आले, हा या लेखमालिकेचा विषय.

२/
सोलापुरात रंगकाम जुने. निळीत सूत बुडवणाऱ्यांना या भागात निराळी म्हणत. इतर रंग चढवणारे ते रंगारी. तांबड्या रंगासाठी आल नावाच्या झाडाची मुळे वापरली जात. नुसत्या मुळांचा रंग सुतावर टिकत नाही. आधी तुरटी द्यावी लागते. तुरटीतील अ‍ॅल्युमिनियम धागा आणि रंग यांना जोडून ठेवते. रंगाऱ्याला अ‍ॅल्युमिनियम हा शब्द ठाऊक नव्हता, पण तुरटीवाचून रंग उतरतो हे त्याला पक्के माहीत होते.

३/
निळीची कृती त्याहून नाजूक. नीळ पाण्यात विरघळत नाही. म्हणून रांजणात चुना, गूळ वगैरे घालून ती आंबवावी लागते. आंबवण्याने निळीचे क्षपण होते आणि ती पिवळट-हिरव्या, विद्राव्य रूपात जाते. सूत त्यात बुडवून बाहेर काढले की हवेतील प्राणवायूने ती पुन्हा निळी होते आणि धाग्यातच अडकून बसते. क्षपण आणि ऑक्सिडीकरण यांचा हा धडा आज बी.एस्सी.च्या पुस्तकात असतो. निराळ्याच्या घरी तो बापाकडून मुलाला हातोहात मिळत असे.

४/
आता थोडे युरोपात जाऊ. १८२४ मध्ये युस्टुस लीबिग हा एकवीस वर्षांचा तरुण जर्मनीतील गीसन येथे प्राध्यापक झाला. त्याच्या प्रयोगशाळेने रसायन शिकवण्याची रीत बदलली. तोवर बहुतेक ठिकाणी प्राध्यापक प्रयोग करून दाखवी आणि विद्यार्थी पाहत. लीबिगकडे विद्यार्थ्यानेच तराजू, नळी आणि ज्योत हाताळायची असे. अज्ञात पदार्थ हाती द्यायचा आणि त्यात काय आहे ते त्याने शोधायचे, ही पद्धत तिथून जगभर पसरली.

५/
लीबिगचा शिष्य हॉफमन लंडनला १८४५ मध्ये स्थापन झालेल्या रॉयल कॉलेज ऑफ केमिस्ट्रीत शिकवू लागला. त्याचा एक विद्यार्थी विल्यम पर्किन. १८५६ च्या ईस्टरच्या सुटीत, वयाच्या अठराव्या वर्षी, तो घरातल्या छोट्या प्रयोगशाळेत कोळशाच्या डांबरापासून मिळणाऱ्या पदार्थांतून क्विनीन करू पाहत होता. क्विनीन झाले नाही. हाती आला जांभळा रंग. मॉव्ह या नावाने तो बाजारात गेला आणि कृत्रिम रंगांचे युग सुरू झाले. एका विद्यार्थ्याच्या फसलेल्या प्रयोगातून हे घडले.

६/
पुढची पावले झपाट्याने पडली. १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी अलिझारिन कृत्रिमरीत्या तयार केले आणि आलीच्या मुळांचा व्यवसाय बसत गेला. १८९७ मध्ये जर्मनीच्या बीएएसएफ कंपनीने कृत्रिम नीळ बाजारात आणली. सोलापूरपर्यंत रेल्वे १८६० मध्येच पोहोचली होती. १८७७ मध्ये मोरारजी गोकुळदास यांची कापड गिरणी उभी राहिली, तीच पुढे जुनी गिरणी म्हणून ओळखली गेली. परदेशी रंगांचे डबे याच रुळांवरून आले.

७/
डबे आले, पण त्यांमागची विद्या आली नाही. परंपरेने मिळालेले ज्ञान आलीचे आणि निळीच्या रांजणाचे होते; नव्या रंगांना वजन, तापमान, आम्ल-अल्कलीचे प्रमाण सांभाळावे लागे. जुने कौशल्य निरुपयोगी ठरले आणि नवे शिकायला शाळा नव्हती. रंगारी आपल्याच धंद्यात परक्या सूचनांवर अवलंबून राहू लागला. प्रयोगशाळा दूर असण्याची ही खरी किंमत होती.

८/
मग विद्यापीठ काय करीत होते? मुंबई विद्यापीठ १८५७ मध्ये लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर स्थापन झाले. त्याचे मुख्य काम परीक्षा घेण्याचे. शिकवणे संलग्न महाविद्यालयांकडे. विज्ञानाची पदवी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चतुर्थांशात सुरू झाली, तरी ती घेणारे थोडेच. साहित्य, इतिहास, तर्कशास्त्र यांना पुस्तके आणि बाके पुरत. रसायनाला गॅस, पाणी, काचसामान आणि दरवर्षी संपणारी द्रव्ये लागत.

९/
तरीही काही माणसांनी वाट काढली. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयातील बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७-१९०६) यांनी रसायन आणि पदार्थविज्ञानावर मराठीत पुस्तके लिहिली आणि लोकांसमोर प्रयोग करून दाखवले. इंग्रजी न येणाऱ्या कारागिरालाही विज्ञान कळले पाहिजे, या दिशेने टाकलेले ते पाऊल होते. पाठ्यपुस्तक मराठीत आले. पण वाचकाच्या हाती परीक्षानळी येण्याची सोय अजून व्हायची होती.

१०/
दुसरे नाव त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर. मुंबई विद्यापीठातून शिकलेले हे रसायनज्ञ बडोद्यात प्राध्यापक होते. सयाजीराव गायकवाड यांच्या आश्रयाने १८९० मध्ये तिथे कलाभवन सुरू झाले. त्यात रंगकाम आणि रसायन-तंत्र शिकवले जाई आणि शिक्षण देशी भाषांतून असावे, असा गज्जरांचा आग्रह होता. पुढे चित्रपटसृष्टीचे जनक ठरलेले दादासाहेब फाळके याच कलाभवनात शिकले. रंगाऱ्याच्या धंद्याला प्रयोगशाळेशी जोडणारी पश्चिम भारतातील ही आरंभीची मोठी संस्था.

११/
गज्जरांची कीर्ती एका वेगळ्याच प्रसंगाने पसरली. १८९६ मध्ये मुंबईतील व्हिक्टोरिया राणीच्या संगमरवरी पुतळ्याला डांबर फासले गेले. ते कृत्य चापेकर बंधूंचे होते. डाग काही केल्या निघेनात. अखेर ते काढले गज्जरांनी. सत्तेचा अपमान करणारे डांबर आणि तो पुसणारे रसायन, दोन्ही भारतीयांच्याच हातचे. सरकारलाही या निमित्ताने दिसले की रसायनाचा जाणकार इथेच तयार होऊ शकतो.

१२/
निर्णायक वळण आले १९०४ च्या भारतीय विद्यापीठ कायद्याने. प्रायोगिक विज्ञानाच्या विषयाला संलग्नता हवी असेल, तर महाविद्यालयाकडे नीट सुसज्ज प्रयोगशाळा किंवा संग्रहालय असलेच पाहिजे, अशी अट या कायद्यात घालण्यात आली. विद्यापीठांनाही स्वतःच्या प्रयोगशाळा उभारण्याची मुभा मिळाली. आज प्रत्येक विज्ञान महाविद्यालयात प्रयोगशाळा दिसते, त्यामागे हे कलम आहे.

१३/
गंमत अशी की गोपाळ कृष्ण गोखले यांनी याच कायद्याला कडाडून विरोध केला. ते स्वतः फर्ग्युसन महाविद्यालयात वर्षानुवर्षे शिकवत होते. विद्यापीठांवर सरकारी पकड बसेल आणि लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्था अटींखाली दबतील, अशी ही भीती होती. ती अनाठायी नव्हती. अट चांगली होती, पण तिच्यासाठी लागणारा पैसा कोणी द्यायचा, हा प्रश्न उरलाच. परिणामी विज्ञानाची महाविद्यालये मोजक्या शहरांत साचली. सोलापूर त्यांत नव्हते.

१४/
मुंबईत मात्र दारे उघडत होती. १९२० मध्ये रॉयल इन्स्टिट्यूट ऑफ सायन्स सुरू झाली. १ ऑक्टोबर १९३३ रोजी मुंबई विद्यापीठाचा रसायन-तंत्रज्ञान विभाग, म्हणजेच यूडीसीटी, स्थापन झाला आणि त्यात वस्त्ररसायन हा प्रमुख विषय होता. १९३८ मध्ये के. वेंकटरामन त्याचे पहिले भारतीय संचालक झाले. कृत्रिम रंगांवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ १९५२ मध्ये आला आणि जगभर आधारग्रंथ मानला गेला. पुढे ते पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे पहिले भारतीय संचालक झाले.

१५/
दार उघडले म्हणजे सर्वांना आत घेतले जाई, असेही नाही. कमला भागवत (पुढे सोहोनी) १९३३ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी.एस्सी. उत्तम रीतीने उत्तीर्ण झाल्या. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत सी. व्ही. रामन यांनी मुलगी म्हणून त्यांना प्रवेश नाकारला. त्या हटल्या नाहीत. अखेर अटी घालून प्रवेश मिळाला. १९३९ मध्ये त्यांनी केंब्रिजची पीएच.डी. मिळवली आणि पुढे मुंबईच्या विज्ञान संस्थेच्या संचालक झाल्या. अंतर नेहमी मैलांचेच असते असे नाही.

१६/
सोलापूरचे अंतर तुटले ते एका अनपेक्षित मार्गाने. डिसेंबर १९३८ मध्ये लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली सोलापुरात आर्य परिषद भरली. हैदराबाद संस्थानातील धार्मिक निर्बंधांविरुद्ध आर्य समाजाने सत्याग्रह केला आणि सीमेवरचे सोलापूर त्याचे महत्त्वाचे ठाणे बनले. या संबंधातूनच १९४० मध्ये डी.ए.व्ही. परंपरेतील दयानंद महाविद्यालय शहरात उभे राहिले. त्यानंतर १९५३ मध्ये संगमेश्वर महाविद्यालय आणि १९६२ मध्ये वालचंद महाविद्यालय आले.

१७/
पदवीच्या प्रयोगशाळेत मिळते तरी काय? अज्ञात क्षार ओळखायचा. किप्स उपकरणातून येणाऱ्या सडक्या अंड्यांच्या वासाच्या वायूने धातूंचे गट वेगळे करायचे. ब्युरेटमधून थेंब थेंब सोडून पाण्याची कठीणता मोजायची. द्रावण तांबूस रंगाचे निळे झाले की थांबायचे. बर्फात ठेवलेल्या अ‍ॅनिलिनपासून नारिंगी अ‍ॅझो रंग तयार करायचा. मग सगळे जर्नलमध्ये लिहून सही घ्यायची. सोलापूरच्या विद्यार्थ्यासाठी यांतील शेवटचे दोन प्रयोग थेट गावच्या धंद्याचे होते. कठीण पाण्यात साबण वाया जातो आणि रंगही एकसारखा चढत नाही.

१८/
प्रयोगशाळा तीच राहिली, पण पदवीवरचे नाव बदलत गेले. १९४० मध्ये सोलापूर मुंबई विद्यापीठाखाली होते. १९४९ मध्ये पुणे विद्यापीठ स्थापन झाले आणि जिल्हा त्याकडे गेला. १९६२ मध्ये कोल्हापूरचे शिवाजी विद्यापीठ आले. १ ऑगस्ट २००४ रोजी केवळ सोलापूर जिल्ह्यासाठी स्वतंत्र विद्यापीठ झाले. २०१९ पासून त्याचे नाव पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर सोलापूर विद्यापीठ. परीक्षेचा निर्णय घेणारे केंद्र मुंबई, पुणे, कोल्हापूर असे फिरत चौथ्या खेपेस घरी आले.

१९/
या शिक्षणाची कसोटी १९९० च्या दशकात लागली. काही अ‍ॅझो रंग विघटित होऊन कर्करोगकारक अमाइन तयार करतात, म्हणून जर्मनीने १९९४ मध्ये ते लावलेल्या कापडावर बंदी घातली. भारत सरकारने १९९७ मध्ये ७० अ‍ॅझो रंगांवर निर्बंध आणले. टॉवेल निर्यात करणाऱ्या शहराला आता रंगाचा डबा कुठून आला एवढे पुरेसे नव्हते. त्यात कोणता रेणू आहे, हे सांगावे लागणार होते. डब्यावरची सूचना वाचणारा आणि डब्यातील द्रव्य तपासणारा, यांतला फरक बाजारानेच दाखवून दिला.

२०/
पर्किनचा जांभळा रंग १८५६ चा. सोलापुरात महाविद्यालय आले १९४० मध्ये. मधली चौऱ्याऐंशी वर्षे या शहराने दुसऱ्यांच्या प्रयोगशाळांत जन्मलेले रंग वापरले आणि आपल्या मुलांना ते शास्त्र शिकायला परगावी पाठवले. ज्यांना पाठवणे परवडले नाही, ते शिकलेच नाहीत. आज शुक्रवार पेठेतील मुलगी सकाळच्या प्रॅक्टिकलला रिक्षाने पोहोचते. ब्युरेटमधले द्रावण निळे होते तेव्हा ती जो आकडा जर्नलमध्ये लिहिते, तो तिच्याच गावच्या पाण्याचा असू शकतो.