जीपचा क्रँक, चोरबाजार, 1955

सन 1955. मुंबईच्या चोरबाजारात, जुन्या मोटारींच्या सुट्या भागांपुढे तुम्ही उकिडवे बसला आहात. पायधुणीकडून ट्रामची घंटा ऐकू येते. बरोबर माझगावच्या गॅरेजातले मिस्त्री आहेत आणि त्यांच्या पिशवीत, फडक्यात गुंडाळलेले दोन मायक्रोमीटर: एक 1 ते 2 इंचांचा, दुसरा 2 ते 3 इंचांचा. तुमची विलीज जीप महायुद्धानंतर लिलावात निघालेल्यांपैकी. तिला क्रँक हवाय आणि नवा परवडत नाही.

दुकानदार ग्रीसने काळा झालेला एक क्रँक पुढे सरकवतो. "विलीज का है साब, एकदम स्टँडर्ड."

"पुसा आधी," मिस्त्री तुम्हाला म्हणतात.

तुम्ही रॉकेलच्या बोळ्याने पुसता. तीन मेन, म्हणजे क्रँक ज्यांवर फिरतो ते गोल भाग, आणि चार पिना, म्हणजे कनेक्टिंग रॉड बसतात ते. खूण जुळली, पण घाई करू नका. शेजारी पडलेल्या फोर्ड मॉडेल 'ए'च्या क्रँकलाही तीन मेन आणि चार पिनाच आहेत. फरक जाडीत आहे. फोर्डचा मेन 1⅝ इंच, पिन दीड इंच. विलीजचा मेन 2⅓ इंचांचा, पिन दोन इंचांना जराशी कमी. डोळ्यालाही तो दणकट वाटतो. मिस्त्री क्रँकचा तोल राखणाऱ्या वजनांवरून बोट फिरवतात. या क्रँकची वजनं वेगळी घडवून बोल्टने बसवलेली आणि वर वेल्डिंगने पक्की केलेली आहेत. एकाचंही वेल्डिंग सुटलेलं असलं तर मिस्त्री इथूनच उठतील.

दुकानदाराच्या परवानगीने क्रँक मागच्या गल्लीतल्या लेथवाल्याकडे जातो. सपाट फळीवर दोन व्ही-ब्लॉक, त्यांवर पुढचा आणि मागचा मेन. पिन वर आणून उंची मोजा, खाली फिरवून पुन्हा मोजा. दोन्हींतला फरक 4⅜ इंच. हाच विलीजचा स्ट्रोक. आता ओळख पटली. मधल्या मेनवर डायल लावून क्रँक हळूहळू फिरवला की वाक कळतो. मात्र काटा दाखवतो ते दुप्पट असतं; खरा वाक त्याच्या निम्मा.

आता मायक्रोमीटर तुमच्या हातात. आधी शून्य तपासा. मेन 2.3335 भरतो, काटकोनात फिरवून 2.3333. मूळ माप 2.3331 ते 2.3341, म्हणजे मेन खरंच स्टँडर्ड आहेत. तुमचा दुकानदारावर विश्वास बसू लागतो.

पहिल्या पिनेला लावा. तेलाचं भोक टाळा, कोपऱ्याची गोलाई टाळा, रॅचेट वाजेल तेवढंच आवळा. 1.9274. नवी पिन 1.9375 ते 1.9383 असते. दहा थाउ गेले कुठे? (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग.) झिजून एवढं सहसा जात नाही. कोणीतरी आधीच पिना दहा साइजला, म्हणजे मूळ मापाहून दहा थाउ बारीक, ग्राइंड केल्या आहेत. मिस्त्री काही बोलत नाहीत, फक्त पिनेकडे खूण करतात. काटकोनात धरा. 1.9259. दीड थाउ अंडाकृती. एक थाउच्या पुढे चालत नाही. मग पिनेच्या दोन्ही टोकांना मोजून उतार पाहा, आणि चारही पिनांचे आकडे पाटीवर लिहा. सगळ्यांत खराब पिन बाकीच्या तिघींचं माप ठरवणार, कारण बेअरिंगचा संच एकाच साइजचा येतो. म्हणून प्रत्येक आकडा अगदी नीट घ्यायचा.

तडा उरतो. रॉकेल चोपडून थोडा वेळ मुरू द्यायचं, कोरडं पुसायचं, खडूची पूड फासायची आणि हातोडीने हलकेच ठोकायचं. तडा असेल तर पुडीवर ओली काळपट रेघ उमटते. तुम्ही प्रत्येक कोपरा डोळ्यांजवळ धरून बघता. पूड पांढरीच राहते.

मिस्त्री तरीही पैसे काढू देत नाहीत. पिना आता पुढच्या, वीस साइजला न्याव्या लागणार; म्हणून आधी त्या साइजची बेअरिंगं शोधायची, ती मिळाली तर क्रँक. चौथ्या दुकानात संच मिळतो. मग तुम्ही परत येता, पाटी दुकानदारापुढे धरता आणि ग्राइंडिंगची मजुरी किमतीतून वजा मागता. तो आकडे वाचतो, कुरकुरतो, उतरतो.

ग्राइंडिंगवाल्याला मिस्त्री बजावतात, "चारी पिना वीसवर, 1.9175 च्या खाली नाही. मेनला हात लावू नका. आणि कोपरे गोलच राहू द्या, तिथे धार राहिली की तडा तिथूनच सुरू होतो."