बांगोचे पाणी, कोरब्याची वाफ

रायपूरच्या उत्तरेला उरला आणि सिलतरा या औद्योगिक वसाहती आहेत. तिथल्या इंडक्शन भट्ट्यांना एक टन पोलाद वितळवायला पाचशेहून अधिक युनिट वीज लागते. या विजेचा माग काढत गेले तर सुमारे दोनशे किलोमीटरांवरचे कोरबा लागते, आणि कोरब्याच्या वर, डोंगरांच्या खिंडीत हसदेव नदी अडवून बांधलेले ८७ मीटर उंचीचे मिनीमाता बांगो धरण. छत्तीसगडच्या पहिल्या महिला खासदार म्हणून ओळखल्या जाणाऱ्या मिनीमातांचे १९७२ साली विमान अपघातात निधन झाले; धरणाला त्यांचे नाव आहे. पायथ्याच्या वीजगृहात ४० मेगावॅटचे तीन संच १९९०च्या दशकाच्या मध्यावर सुरू झाले. धरण पाहायला येणारा माणूस भिंत, दरवाजे आणि १२० मेगावॅटचा आकडा लक्षात ठेवून सतरेंग्याच्या बाजूला नौकेत बसायला जातो. मला वाटते, या धरणाचे विजेशी असलेले खरे नाते त्या वीजगृहात दिसतच नाही. बांगोचे पाणी चक्र फिरवून जेवढी वीज देते, त्याच्या कितीतरी पट वीज खाली कोळशाच्या केंद्रांत वाफ होऊन उभी करते.

मराठी वाचकाच्या मनात धरणाची वीज म्हटले की कोयना असते, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. कोयनेची भिंत १०३ मीटरांची, म्हणजे बांगोपेक्षा फार उंच नव्हे. पण तिथे सह्याद्री पोखरून पाणी पश्चिमेला पोफळीकडे नेले आहे आणि ते पावणेपाचशे मीटरांच्या आसपास कोसळते. एक घनमीटर पाणी तिथे एक युनिटाहून अधिक वीज देऊन जाते. बांगोला असा कडा नाही. भिंतीची सगळी उंची हिशेबात धरली आणि यंत्रात काहीच वाया जात नाही असे मानले, तरी एका घनमीटरातून पाव युनिटही निघत नाही. उरल्याच्या एक टन पोलादासाठी अशा हिशेबाने दोन हजार घनमीटरांहून जास्त पाणी खाली सोडावे लागेल. मात्र कोयनेचे जे पाणी पोफळीला उतरते त्याला कृष्णेचे खोरे कायमचे मुकते. म्हणून तर ते किती वळवायचे याला पाणीवाटप लवादाने मर्यादा घातली. बांगोत तसे होत नाही. चक्र फिरवून झालेले पाणी हसदेवच्याच पात्रात राहते आणि कोरब्याजवळ दर्रीच्या बराजात येऊन थांबते.

आता क्रम पाहा. दर्रीचे बराज १९६०च्या दशकातले. कोरब्यातल्या बाल्को कारखान्याचे अ‍ॅल्युमिनियम १९७५ साली निघू लागले, एनटीपीसीच्या कोरबा केंद्राचा पहिला संच १९८३ साली चालू झाला, आणि बांगोचे जलविद्युत संच आले त्यानंतर दहा वर्षांहून अधिक काळाने. पाण्याचे गिऱ्हाईक आधी ठरलेले होते, वरची मोठी साठवण मागाहून आली. आज एनटीपीसीचे २६०० आणि राज्याच्या हसदेव औष्णिक केंद्राचे १३४० मेगावॅट एवढेच धरले, तरी ते बांगोच्या वीजगृहाच्या तीसपटींहून जास्त होते. केंद्र सरकारने २०१५ साली जुन्या औष्णिक केंद्रांना घालून दिलेली मर्यादा दर हजार युनिटांमागे साडेतीन घनमीटर पाण्याची आहे. यातले बहुतेक पाणी शीतलक मनोऱ्यांतून हवेत जाते. त्या मापाने उरल्याच्या त्याच टनाला पावणेदोन घनमीटर पाणी पुरते.

यावर कोणी म्हणेल, ही तुलना लबाडीची आहे. औष्णिक केंद्रातली ऊर्जा कोळशाची, पाणी फक्त थंड करण्यापुरते. ऊर्जा कोळशाची हे खरेच. पण पाणी नसेल तर कोळसा असूनही संच बंद ठेवावा लागतो, आणि मोठे संच खाणीजवळ उभे करायचे तर बाराही महिने पाण्याची हमी लागते. हसदेवसारखी पावसावर चालणारी नदी ती हमी आपल्या बळावर देत नाही, साठवण देते. दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: हे धरण मुळात जांजगीर-चांपाच्या भातशेतीसाठी, वीज ही जोडीची कमाई. कागदावर तसेच आहे, आणि अडीच लाख हेक्टरांच्या घरातले लाभक्षेत्र काही थोडे नव्हे. पण खरिपाच्या भाताला पाणी लागते ते पाऊस दगा देतो तेव्हा, आणि उन्हाळी भाताला साठा उरला तर. शीतलक मनोऱ्याला असा हंगाम नाही. टंचाईच्या वर्षी शेतकऱ्याला थांबायला सांगता येते. उरल्याची भट्टी अर्ध्यावर गार पडली तर आतला रस तिथेच गोठतो, म्हणून तिची वीज तोडताना दहादा विचार होतो. पाण्याची वाटणी नियमांइतकीच अशा गोष्टींवरही ठरते. जलविद्युत संच काही मिनिटांत चालू होतात, औष्णिक संचाला तासन्‌तास लागतात, म्हणून संध्याकाळच्या वाढत्या मागणीला ते १२० मेगावॅट मोलाचे आहेत, हेही मान्य करायला हवे. राज्यात दुसरी जलविद्युत आहे काय? गंगरेलचे १० आणि सिकासारचे ७ मेगावॅट.

हे नाते ओळखले नाही तर धरणाचा जमाखर्च चुकतो. ज्यांची गावे जलाशयात गेली, त्यात आदिवासींची संख्या मोठी, त्यांच्या त्यागाची किंमत सिंचन आणि १२० मेगावॅट यांच्याशी तोलली जाते. कोरब्यातल्या हजारो मेगावॅटच्या खात्यावर तो खर्च चढतच नाही. औष्णिक विजेचा युनिटमागचा दर काढताना कोळसा मोजला जातो, त्याची रेल्वे मोजली जाते. पाण्याची पट्टीही मोजली जाते, पण बुडालेल्या शिवाराची किंमत त्या पट्टीत कुठे दिसत नाही. वर हसदेव अरण्याच्या जंगलातून बांगोला पाणी मिळते आणि त्याच जंगलाखाली कोळशाचा मोठा साठा आहे. तिथली परसा पूर्व–केते बासन खाण २०१३ सालापासून चालू आहे. कोळसा राजस्थानच्या वीज केंद्रांना जातो. खाणीला विरोध करणारे गावकरी जंगल, हत्ती आणि ग्रामसभेचा हक्क यांबद्दल बोलतात, आणि त्यांना विकासाच्या आड येणारे ठरवले जाते. पण त्या जंगलाच्या ओढ्यांतूनच दर्रीचे बराज भरते, तेव्हा हे गावकरी कोरब्याच्या संचांचीही बाजू मांडत असतात, आणि त्या विजेवर चालणाऱ्या उरल्याचीही.