खेळ सरतो, चित्र उरते

तापीच्या काठी वसलेले बुऱ्हाणपूर हे नगर इतिहासाच्या पानोपानी भेटते. इ. स. १४०० च्या सुमारास फारुकी घराण्यातील नासिरखानाने ते वसविले आणि सुफी संत बुऱ्हाणुद्दीन गरीब यांचे नाव त्याला दिले. १६०१ मध्ये असीरगड पडला व खानदेशावर अकबराचा अंमल पक्का झाला. १६३१ मध्ये मुमताज महलने येथेच प्राण सोडला. या ठळक घटना सर्वांच्या परिचयाच्या आहेत. परंतु या नगराने इतिहासाला दिलेली आणखी एक देणगी आहे, आणि तिची आठवण मात्र क्वचितच निघते. भीमसेन सक्सेना हा १६४९ मध्ये बुऱ्हाणपुरात जन्मलेला कायस्थ कारकुनी पेशाचा मनुष्य. दलपतराव बुंदेला या सरदाराच्या पदरी राहून त्याने औरंगजेबाच्या दक्षिणेतील मोहिमा जवळून पाहिल्या आणि जे पाहिले ते फारसीत लिहून ठेविले. ‘तारीख-इ-दिलकुशा’ या नावाने त्याचा हा ग्रंथ ओळखला जातो.

या ग्रंथाचे मोल ध्यानात येण्यासाठी एक गोष्ट सांगितली पाहिजे. मोगल दरबारात इतिहासलेखनाचा खर्च राज्याच्या खजिन्यातून होत असे. शाहजहानाच्या ‘पादशाहनाम्या’साठी लेखक होते, सुलेखनकार होते, सोन्याचा वर्ख लावून चित्रे काढणारे नामांकित चितारी होते. औरंगजेबाने मात्र आपल्या कारकिर्दीच्या पहिल्या दहा वर्षांनंतर अधिकृत इतिहासलेखन थांबविले. पुढील चाळीस वर्षांचा वृत्तान्त जुळविताना अभ्यासकांना ज्यांच्या लिखाणाचा आधार घ्यावा लागतो, त्यांत बुऱ्हाणपूरचा हा कारकून आहे. खजिन्याची लेखणी जेथे थांबली, तेथे साध्या दौतीची लेखणी चालत राहिली. त्याच्या ग्रंथाचे जदुनाथ सरकारांनी केलेले इंग्रजी भाषांतर १९७२ मध्ये मुंबईत प्रसिद्ध झाले, हेही येथे नमूद केले पाहिजे.

अल्प साधनांनी केलेल्या नोंदीचा हाच प्रश्न आज निराळ्या रूपाने समोर येतो. ही नोंद लढायांची नसून खेळाची आहे. टीव्हीला जोडावयाचे जे खेळयंत्र कन्सोल या नावाने ओळखले जाते, त्यावर मुले व तरुण तासन्‌तास खेळतात. पडद्यावर चित्र उमटते, कोणी शर्थीने डाव जिंकतो, आणि यंत्र बंद करताच सारे नाहीसे होते. तो डाव टिपून ठेवावा, मित्रांना दाखवावा, त्यावर बोलावे, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. प्रश्न खर्चाचा आहे. खेळयंत्र घेतानाच ज्या घराची ओढाताण होते, त्या घराने चित्रणासाठी आणखी खर्च कोठून करावा?

खेळासारख्या क्षुल्लक गोष्टीची नोंद ठेवण्याची गरजच काय, असे कोणी विचारील. त्याला इतिहासाचे उत्तर असे आहे की हलत्या चित्रांच्या आरंभकाळीच खेळाचे चित्रण सुरू झाले. १८९४ च्या जून महिन्यात अमेरिकेत एडिसनच्या चित्रशाळेत लेनर्ड आणि कुशिंग या दोन मुष्टियोद्ध्यांचा सामना टिपण्यात आला. त्या वेळच्या यंत्रात फार लांब फिल्म मावत नसे. म्हणून सामन्याची प्रत्येक फेरी एका मिनिटाची ठेवावी लागली. यंत्राच्या मर्यादेनुसार खेळाला आपले अंग चोरून घ्यावे लागले, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे; कारण तिची पुनरावृत्ती पुढे सव्वाशे वर्षांनी व्हावयाची होती.

भारतातही तेच घडले. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चित्रे प्रथम दाखविण्यात आली. हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर, म्हणजेच सावेदादा, हे मुंबईतील छायाचित्रकार या नव्या कलेने भारावून गेले. त्यांनी लंडनहून २१ गिन्यांना एक कॅमेरा मागविला. गिनी म्हणजे २१ शिलिंग. त्या काळच्या १५ रुपयांना एक पौंड या दराने ही रक्कम सुमारे ३३० रुपये होते. १८९९ मध्ये हँगिंग गार्डनमध्ये पुंडलीकदादा आणि कृष्णा न्हावी या मल्लांची कुस्ती झाली व ती सावेदादांनी टिपली. फिल्म धुण्याची सोय मुंबईत नसल्याने ती लंडनला धाडावी लागली. एका भारतीयाने घेतलेले पहिले चलच्चित्र म्हणून या कुस्तीची गणना होते. पुढे १९०१ च्या डिसेंबरात रँग्लर परांजपे केंब्रिजहून मायदेशी परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचे चित्रणही सावेदादांनीच केले. म्हणजे थोर विद्वानाच्या आधी मल्लांचा क्रम लागला होता.

दादासाहेब फाळके यांची कथाही अल्प साधनांचीच आहे. भांडवल उभे करण्यासाठी त्यांनी प्रथम वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक चित्र घेऊन टिपली. मातीतून अंकुर वर येऊन त्याचे रोप होताना पडद्यावर पाहून सावकाराचा विश्वास बसला. विम्याची पॉलिसी गहाण पडली, पत्नी सरस्वतीबाईंचे दागिने गेले, आणि ३ मे १९१३ रोजी ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसमोर आला. ज्याच्याजवळ पैसा नाही त्याला वेळ आणि धीर खर्च करावा लागतो, हा धडा त्या वाटाण्याच्या रोपात आहे.

पुढे चित्र पडद्यावरून काचेवर आले आणि नवी अडचण उभी राहिली. टीव्हीवरचे चित्र एकदम उमटत नाही. जुन्या नळीच्या संचात ते ओळीओळीने रेखले जात असे. त्याच्यासमोर कॅमेरा धरला तर दोघांची गती जुळत नाही, आणि टिपलेल्या चित्रात काळे पट्टे वर-खाली सरकताना दिसतात. टीव्हीच्या प्रारंभकाळी हाच उपाय मोठ्या संस्थांनाही करावा लागला. गतीचा मेळ घालणारी खास यंत्रे बनवून बी.बी.सी.ने १९४७ पासून काचेवरील चित्र फिल्मवर उतरविण्यास सुरुवात केली. १९५६ मध्ये अमेरिकेतील अँपेक्स कंपनीने चुंबकीय फितीवर चित्र टिपणारे यंत्र आणले, पण त्याची किंमत हजारो डॉलर होती आणि फीतही महाग होती. महाग फीत पुनःपुन्हा वापरणे हे काटकसरीचे धोरण ठरले, त्यापायी बी.बी.सी.चे कित्येक लोकप्रिय कार्यक्रम पुसले गेले, आणि आज त्यांच्या प्रतींचा जगभर शोध घेतला जातो. चित्रण करणे हा एक खर्च आणि ते जपणे हा दुसरा, हे त्या प्रसंगाने प्रथम स्पष्ट झाले.

१९७२ मध्ये राल्फ बेअर यांच्या कल्पनेतून ‘ओडिसी’ हे घरगुती खेळयंत्र अमेरिकेत विक्रीस आले. १९७६ मध्ये जपानच्या जे.व्ही.सी. कंपनीने व्ही.एच.एस. पद्धतीचा व्हिडिओ रेकॉर्डर बाजारात आणला. ही दोन यंत्रे एका घरात आली आणि खेळ टिपण्याचा स्वस्त मार्ग आपोआप सापडला. खेळयंत्राची पिवळी, पांढरी व तांबडी पिन टीव्हीत न खोचता व्ही.सी.आर.मध्ये खोचावयाची आणि व्ही.सी.आर. टीव्हीला जोडावयाचा. चित्र वाटेत फितीवर उतरते आणि त्याच क्षणी टीव्हीवरही दिसते. खेळणाऱ्याच्या हाताला जराही विलंब जाणवत नाही. भारतात १९८२ च्या आशियाई क्रीडास्पर्धांच्या सुमारास रंगीत टीव्ही आला, त्याच दशकात व्ही.सी.आर. पसरला, आणि नव्वदीच्या दशकात जपानी खेळयंत्रांच्या स्वस्त नकला गावोगावच्या बाजारात मिळू लागल्या.

या व्ही.सी.आर.च्या बळावर खानदेशाच्या शेजारीच एक लहानसा चित्रपटव्यवसाय उभा राहिला. बुऱ्हाणपूर आणि मालेगाव ही दोन्ही यंत्रमागांची गावे. मालेगावात व्हिडिओ पार्लर चालविणाऱ्या नासिर शेख यांनी २००० मध्ये ‘मालेगाव के शोले’ हा विडंबनपट काढला. त्याचा खर्च सुमारे ५० हजार रुपये सांगितला जातो. साधा व्हिडिओ कॅमेरा, नट गावातलेच, चालते दृश्य घेण्यासाठी सायकल, आणि जोडकाम दोन व्ही.सी.आर. समोरासमोर ठेवून. या उद्योगावर फैझा अहमद खान यांनी ‘सुपरमेन ऑफ मालेगाव’ हा माहितीपट केला, आणि २०२४ मध्ये रीमा कागती यांचा ‘सुपरबॉइज ऑफ मालेगाव’ हा चित्रपट टोरांटोच्या महोत्सवात झळकला. यंत्रमागाच्या खडखडाटात वाढलेल्या माणसांनी दुरुस्ती, जुळवाजुळव आणि काटकसर हे मागावरचे गुण चित्रणाच्या कामी लावले, असेच त्याचे वर्णन करावे लागेल.

आजचे तंत्र अंकीय आहे. खेळयंत्र व टीव्ही यांना जोडणारी एच.डी.एम.आय. तार चित्र व ध्वनी एकत्र वाहून नेते. तथापि तिच्यासोबत नक्कल रोखणारे एक कुलूपही येते. २००६ च्या प्लेस्टेशन ३ मध्ये हे कुलूप काढण्याची सोय नव्हती, म्हणून टिपणाऱ्यांना जुन्या पद्धतीच्या तारांकडे वळावे लागे. २०१३ मध्ये आलेल्या प्लेस्टेशन ४ च्या हातयंत्रावर चित्रणासाठी स्वतंत्र बटणच दिले गेले, आणि दुसऱ्या वर्षी ते कुलूप खेळापुरते उघडण्याची मुभाही मिळाली. २०१७ च्या निन्टेन्डो स्विचमध्ये बटण दाबून धरल्यास शेवटची ३० सेकंदे राखली जातात. एडिसनच्या चित्रशाळेतील एका मिनिटाची फेरी येथे पुन्हा आठवते. यंत्रातच असलेली सोय फुकट असते, परंतु तिची लांबी यंत्र ठरविते.

ज्याला संपूर्ण डाव हवा त्याला संगणक आणि कॅप्चर कार्ड लागते. नामांकित कंपन्यांची कार्डे महाग असली, तरी अंगठ्याएवढी स्वस्त कार्डे हजार-दीड हजार रुपयांच्या आत मिळतात, आणि २०१२ मध्ये ह्यू बेली यांनी सुरू केलेली ओ.बी.एस. ही संगणकप्रणाली विनामूल्य आहे. स्वस्ताईचे मोल मात्र कोठेतरी चुकवावे लागते. पूर्ण आकाराचे चित्र सेकंदाला ६० वेळा पाठवावयाचे तर सुमारे ३०० कोटी बिट वाहावे लागतात, जुन्या यू.एस.बी. जोडणीची कमाल क्षमता ४८ कोटींची. म्हणून ते कार्ड चित्र दाबून लहान करते, आणि गती किंवा आकार यांपैकी एकाचा त्याग करते. चित्र संगणकावर पोहोचण्यास क्षणभर उशीर होतो. यास्तव संगणकाकडे पाहून खेळता येत नाही. तारेला फाटा देणारा एक स्वस्त विभाजक घेऊन एक शाखा टीव्हीला व दुसरी संगणकाला द्यावी लागते. जे काम व्ही.सी.आर. आपोआप करीत असे, ते येथे जुळवून करावे लागते.

असा हा टिपण्याचा खर्च २१ गिन्यांपासून उतरत उतरत एका सामान्य घराच्या आवाक्यात आला आहे. जपण्याचा खर्च मात्र त्या मानाने उतरलेला नाही. सावेदादांची ती कुस्ती आज कोणालाही पाहता येत नाही. फिल्म नष्ट झाली. भारतात निघालेल्या सुमारे तेराशे मूकपटांपैकी मोजकेच उरले. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय पुण्यात स्थापन झाले ते १९६४ मध्ये, पी. के. नायर यांनी फाळक्यांच्या चित्रपटांचे अवशेष मिळविले म्हणून तेवढे तरी हाती लागले. घरोघरच्या व्ही.एच.एस. फितींना पावसाळ्याच्या दमटपणात बुरशी चढली, आणि उरलेल्या फिती लावण्यास यंत्र सापडेना. सेकंदाला ८० लक्ष बिट या बेताच्या दराने टिपले तरी तासाभराचा खेळ ३.६ गिगाबाइट जागा घेतो. जागा भरते, जुने पुसले जाते, आणि काटकसर पुन्हा तेच काम करते जे बी.बी.सी.च्या फितींबाबत तिने केले.

यावरचा उपाय खर्चिक नाही. सारेच ठेवण्याचा हव्यास सोडावा, निवडक डाव ठेवावेत. प्रत्येकावर तारीख, खेळाचे नाव व खेळणाऱ्याचे नाव लिहावे. एक प्रत दुसऱ्या तबकडीवर आणि जमल्यास दुसऱ्या घरी ठेवावी. बुऱ्हाणपूरच्या यंत्रमागाच्या वस्तीत दोन भावंडांनी एका संध्याकाळी खेळलेला डाव जगाच्या दृष्टीने बिनमोलाचा असेल. पण त्या चित्रणात मागून ऐकू येणारी त्यांची बोली, त्यांचे हसणे आणि शेजारच्या मागांचा आवाज दुसऱ्या कोणत्याही दप्तरात नोंदला जाणार नाही. भीमसेनाने बादशहाच्या मोहिमांबरोबर छावणीतील माणसांच्या हालअपेष्टाही लिहिल्या. त्याला त्या लिहावयास कोणी सांगितले नव्हते, आणि आज इतिहासकार त्यासाठीच त्याचा ग्रंथ उघडतात.